आगरकर वाचताना उपरोध कुठे शोधायचा?

वाशीतल्या आणि तालुक्यातल्या वाचणाऱ्या मित्रांनो, विचारवंताच्या शैलीचा अभ्यास करायचा असेल तर गोपाळ गणेश आगरकरांपासून (१८५६–१८९५) सुरुवात करा. मिल, स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवलेला हा माणूस. ‘केसरी’ हे वृत्तपत्र सोडल्यावर १८८८ साली त्यांनी स्वतःचं ‘सुधारक’ हे पत्र काढलं. ‘वाक्यमीमांसा’ हे मराठी वाक्यरचनेवरचं पुस्तकही त्यांचंच, म्हणून त्यांची लांबलचक वाक्यं नीट सोडवून वाचावीत. आधी अटी येतात, मग प्रश्नांची रांग लागते, आणि घाव बहुतेकदा शेवटच्या तुकड्यात बसतो.

‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ हा निबंध जरूर मिळवा. शीर्षकातच उपरोध आहे, आणि त्यातला ‘आमचे’ फार महत्त्वाचा. लेखक स्वतःला समाजाबाहेर काढत नाही, म्हणून टोचणी तुच्छतेची वाटत नाही. आगरकरांच्या सुधारणावादी मतांच्या विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली होती, हे लक्षात ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो.

माझी पद्धत सांगतो: एक परिच्छेद मोठ्याने वाचा, उपरोधाच्या जागी पेन्सिलीने खूण करा, मग तेच म्हणणं साध्या, सरळ वाक्यात लिहून पाहा. काय निसटलं ते लगेच कळतं. कुणाला सोबत वाचायचं असेल तर जरूर कळवा.