लाकडी रूळ आणि ब्रेकवाला

हुबळी हे मुळात आगगाडीचे गाव. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आपले ठाणे मांडले, कारखाना उभारला, आणि तेव्हापासून गाडीच्या चाकाशी, धुरीशी, ब्रेकशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशी कित्येक घराणी येथे नांदत आली. धारवाडने गाणे आणि विद्या सांभाळावी, हुबळीने लोखंड आणि कापूस सांभाळावा, अशी जणू या जुळ्या शहरांची आपसांत वाटणीच झालेली आहे. २०२३ साली येथील स्थानकावर १५०७ मीटर लांबीचा, जगात सर्वांत लांब म्हणून गणला गेलेला फलाट सुरू झाला. त्यापूर्वी तीन वर्षे रेल्वेने येथे आपले संग्रहालय उघडले. तेथे अरुंद मार्गावरची जुनी इंजिने रंगरंगोटी करून उभी आहेत. संग्रहालय चांगलेच आहे, याविषयी वाद नाही. परंतु उभे इंजिन पाहणाऱ्या कोणत्याही मुलाचा पहिला प्रश्न एकच असतो : हे चालते का? वडीलधारी मंडळी त्यावर काहीतरी सांगून वेळ मारून नेतात.

याच प्रश्नावरून अमेरिकेत आणि युरोपात गेली काही वर्षे एक मोठा गमतीचा, पण आमच्या मते गंभीर, वाद चालू आहे. वादाचा विषय आहे करमणुकीच्या बागांतील जुने लाकडी रोलर कोस्टर. असल्या पोरखेळावर अग्रलेख कशाला, असे एखादा प्रौढ वाचक म्हणेल. त्याने थोडा धीर धरावा.

रोलर कोस्टर म्हणजे इंजिनावाचून धावणारी आगगाडीच होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात १८२७ साली कोळशाच्या खाणीतून माल खाली आणण्यासाठी उताराचा एक रूळमार्ग घातला गेला. कोळशाच्या वाघिणी स्वतःच्या भाराने खाली येत, आणि रिकाम्या वाघिणी ओढून वर नेण्यासाठी जी खेचरे लागत तीही उतरताना डब्यात बसूनच येत! पुढे लोक पैसे देऊन त्या उतारावरून बसून येऊ लागले. १८८४ साली थॉम्सन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथे समुद्रकाठी अशी एक गाडी केवळ मौजेसाठी उभी केली. पाच सेंट भाडे, आणि वेग ताशी सहा मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या टांग्याइतकाच. १९१९ साली जॉन मिलर याने रुळाच्या खालून धरून ठेवणाऱ्या चाकाचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडी रूळ सोडून उडण्याचे भय गेले आणि उतार वाटेल तितका खडा करता येऊ लागला. कोनी आयलंडचा प्रसिद्ध 'सायक्लोन' १९२७ सालचा. १९८८ साली न्यूयॉर्क शहराने त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

आता वाद कसा पडतो ते पाहावे. लाकूड पावसाने फुगते, उन्हाने आकसते, खिळे सैल होतात. अशा मार्गावर सुतारांना नित्य पायी फिरून फळी न् फळी पाहावी लागते आणि दर हिवाळ्यात काही भाग नवा घालावा लागतो. हा खर्च न परवडणाऱ्या मालकांना एक तोड सापडली. लाकडी सांगाडा ठेवायचा आणि त्यावर पोलादी रूळ चढवायचे. टेक्सासमधील १९९० सालचा 'टेक्सास जायंट' २०११ मध्ये असा पालटला. कॅलिफोर्नियातील १९७८ सालचा 'कोलोसस' २०१५ मध्ये, आणि ओहायोतील 'मीन स्ट्रीक' २०१८ मध्ये. गाड्या गुळगुळीत धावू लागल्या, लोकांच्या रांगा लागल्या. परंतु जुन्या रसिकांत दोन तट पडले. एक म्हणतो, लाकडाची ती थरथर, ते करकरणे, तोच तर या गाडीचा प्राण होता, तुम्ही प्राण काढून सांगाडा ठेवलात. दुसरा म्हणतो, हाडे खिळखिळी करणाऱ्या गाडीत तुमच्या आठवणींखेरीज कोणी बसत नव्हते. पालटली नसती तर मोडीत निघाली असती. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो तो डेन्मार्कमधील प्रसंग. कोपनहेगनच्या तिव्होली बागेत १९१४ सालची लाकडी गाडी आहे आणि शहराबाहेरच्या बाक्केन बागेत १९३२ सालची. दोन्ही गाड्यांवर एक माणूस स्वार असे आणि वळणावळणाला हाताने ब्रेक लावी. बाक्केनने २०१० साली नव्या गाड्या आणल्या; ब्रेक मार्गावर बसविले, आणि तो माणूस खाली उतरला. तिव्होलीने मात्र आपला ब्रेकवाला राखला. एकाच नगरीच्या परिसरात दोन बागांनी दोन उत्तरे दिली आहेत, आणि तिकडचे शौकीन आपापली बाजू घेऊन अद्याप भांडत आहेत.

हा पेच आपल्याला नवा नाही. आपल्याकडे त्यासाठी 'जीर्णोद्धार' हा नेमका शब्द आहे. पुरीच्या जगन्नाथाचे तिन्ही रथ दरवर्षी नव्या लाकडाचे करतात, तरी रथ जुनाच, कारण मापे तीच, घडविणारी घराणी तीच आणि ओढणारा समाज तोच. येथे हुबळीतच महाशिवरात्रीला सिद्धारूढ स्वामींच्या मठाचा रथ निघतो. गर्दीची नजर कळसाकडे असते. पण उतारावरच्या रथाचा खरा सारथी म्हणजे चाकाखाली लाकडी पाचर सारणारा तो वाकलेला माणूस. त्याचा हात चुकला तर पुढचे वर्णन न करणेच बरे. लाकूड बदलले म्हणून रथ बदलत नाही, पण पाचर सारण्याची विद्या गेली तर नव्या कोऱ्या रथालाही कोणी हात लावू नये.

तथापि जुन्याच्या भक्तांनी एक गोष्ट विसरू नये. लंडनच्या बॅटरसी उद्यानात १९५१ साली उभारलेली 'बिग डिपर' ही लाकडी गाडी दोन दशके लोकांची लाडकी होती. ३० मे १९७२ रोजी चढणीवर ओढली जात असताना गाडी सुटली, मागे घसरू न देणारी खीळ निकामी ठरली, आणि ती मुलांनी भरलेली गाडी उलटी खाली आली. पाच मुले गेली. जुनेपणाचा गोडवा गाणाऱ्याने ही पाच मुले डोळ्यांसमोर ठेवूनच बोलावे. माणसाचा हात हवा, परंतु तो हात थकला तरी गाडी थांबली पाहिजे, अशी दुसरी सोयही हवी. मुरगावहून दूधसागरच्या घाटाने हुबळीस येणाऱ्या आमच्या वाचकांना हे फोडून सांगावयास नको. कॅसलरॉकवरून खाली कुळ्याकडे सदतिसास एक असा उतार आहे, आणि ब्रेकची खात्री केल्यावाचून तेथे गाडी घाटात सोडीत नाहीत.

मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची अशी गाडी म्हणजे नेरळ-माथेरानची. दोन फूट रुंदीचा, सुमारे वीस-एकवीस किलोमीटरचा हा मार्ग आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधला आणि १९०७ साली त्यावर गाडी धावली. तिला खेळण्यातली गाडी म्हणतात, परंतु तिची वळणे खेळण्यातली नव्हेत. पूर्वी तिच्या डब्यांवर ब्रेक लावणारी माणसे असत, आणि इंजिनाच्या शिट्टीवरून कोणता ब्रेक केव्हा आवळावयाचा हे ती जाणत. मे २०१६ मध्ये गाडी लागोपाठ दोनदा घसरली, सेवा बंद पडली, आणि पुढे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. २०१९ च्या पावसाने मार्ग उखडला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. वाफेची इंजिने कधीच गेली होती. आता वातानुकूलित डबाही आला. डोंगरातल्या गाडीला काचा लावून गार हवा देण्याचे प्रयोजन आमच्या अल्पमतीस कळलेले नाही, पण ते असो. ब्रेक बदलले हे योग्यच झाले. मात्र त्या ब्रेकवाल्यांची शिट्टीची भाषा कोणी लिहून ठेवली आहे काय? इंग्लंडमधील मारगेट गावी १९२० सालची गाडी २००८ साली आगीत बरीच जळाली, तर गावकऱ्यांनी चिकाटीने २०१५ साली ती पुन्हा उभी करून घेतली. आपल्याकडे राहते ती बहुधा फक्त छायाचित्रे.

आणि बागा बंद पडतात तेव्हा तर तेवढेही राहत नाही. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये उघडले आणि २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराईचे एस्सेल वर्ल्ड, जेथे निम्म्या महाराष्ट्राच्या शाळांच्या सहली गेल्या, ते २०२२ साली बंद झाले. कोणते यंत्र राखण्याजोगे होते, कोणते मोडण्याजोगे, यावर चार माणसे भांडली असती तरी आम्हांस आनंद वाटला असता.

भांडण हवे असे आम्ही म्हणतो ते उगाच नव्हे. ज्या यंत्रावर लोकांचे प्रेम असते त्याच्या खिळ्याकडेही लोकांचे लक्ष असते. डेन्मार्कचा शौकीन ब्रेकसाठी भांडतो, म्हणजे तो ब्रेक पाहतो. आपण तिकीट काढतो, डोळे मिटतो आणि देवाचे नाव घेतो. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादेस कांकरिया तलावाकाठी झोक्याचे एक यंत्र मोडून पडले, दोघे दगावले आणि अनेक जखमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत रोलर कोस्टरवरून पडून चोवीस वर्षांची एक तरुणी मरण पावली. अशा प्रत्येक वेळी गुन्हा दाखल होतो, चौकशी नेमली जाते, मालक पळापळ करतो. भारतीय मानक संस्थेने या यंत्रांसाठी संहिता केलेली आहे. तिची आठवण मात्र अपघातानंतरच होते. आणि या तर शहरांतल्या मोठ्या बागा. गावोगावच्या जत्रांत एका रात्रीत उभे राहणारे आणि तिसऱ्या रात्री ट्रकवर चढणारे आकाशपाळणे कोण तपासतो?

हुबळी-धारवाड महापालिकेपुढे म्हणून आम्ही एक साधी सूचना ठेवतो. या शहरात रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे हाताच्या अंतरावर आहेत. हातोडीने चाक वाजवून त्याच्या नादावरून तडा ओळखणारे हे कान आज घरी बसून वर्तमानपत्र ऐकतात. जत्रेचा परवाना देण्यापूर्वी अशा दोघा-तिघांना मानधन देऊन पाळण्याच्या बुडाशी नेऊन उभे करावे. त्यांनी आस, साखळी, खिळे, पट्टे पाहावेत, आणि तपासणीचा दिनांक व सही तिकिटाच्या खिडकीवर कन्नड आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लावावी. ज्या पाळण्यावर असा कागद नाही त्यात आपले मूल बसवू नये. संग्रहालयातील इंजिनांपैकी एखादे पुन्हा चालविता येईल का, याचाही विचार त्याच मंडळींना विचारून करता येईल. आमच्या समजुतीप्रमाणे ती मंडळी प्रथम ब्रेकविषयी विचारतील, रंगाविषयी नंतर.