तसबिरीची पाठ

लेखमाला : घरातलं जुनं, लेखांक ६

फोटो मढवायला गेलेलं गिऱ्हाईक दुकानात बराच वेळ पट्टी निवडण्यात घालवतं. सोनेरी की काळी, नक्षीची की सपाट, दीड इंची की दोन. दुकानदार पट्ट्यांचे नमुन्याचे कोपरे एकेक करून फोटोला लावून दाखवतो, घरची मंडळी मान तिरपी करून पाहतात आणि शेवटी आईला आवडलेली पट्टी ठरते. मागे काय लावणार, हे कोणी विचारत नाही. दुकानदारही सांगत नाही, कारण मागचा पुठ्ठा हा त्याच्या लेखी मालच नसतो. जे हाताशी असेल ते कापून बसवायचं. आणि वडशासारख्या गावात भिंतीवरचा फोटो खराब होतो तो बहुतेक वेळा मागूनच.

गेल्या लेखांकात पेटीतल्या आणि अल्बममधल्या फोटोंविषयी लिहिलं होतं. पेटीतल्या फोटोला निदान अंधार तरी मिळतो. भिंतीवरच्याला उजेड, ओल, धूर, उधई आणि आपलं प्रेम, सगळंच सोसावं लागतं. त्यात इथली हवा. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. वडशाचं ऊन काही वेगळं नाही. दीड महिन्यात तीच हवा इतकी दमट होते की पापड सादळतात आणि दारं फुगून चौकटीत अडकतात. संग्रहालयांत कागदासाठी आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायची धडपड असते. पासष्ट-सत्तरच्या पुढे बुरशीला रान मोकळं होतं. आपल्याकडे श्रावणात ती ऐंशीच्या वर सहज असते, आणि भिंतीला टेकलेल्या तसबिरीच्या मागे तर त्याहून जास्त.

आधी काचेचं पाहू, कारण सर्वांत जास्त फोटो तिथेच गमावले जातात. कृष्णधवल असो की रंगीत, स्टुडिओत रसायनांत धुऊन काढलेल्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतं. दमट हवेत ते पाणी शोषून फुगतं, मऊ आणि चिकट होतं. फोटो काचेला थेट चिकटून दाबलेला असेल, तर पावसाळ्यात तो काचेला धरतो आणि हिवाळ्यात तसाच वाळतो. असे चार-पाच पावसाळे गेले की काचेतून फोटोवर पाण्यासारखे चकचकीत डाग दिसू लागतात. ते डाग म्हणजे चिकटलेली जागा. त्यावेळी फ्रेम उघडून फोटो ओढला, तर आजोबांचा चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो.

तेव्हा अशा फोटोला हात लावण्याआधी काचेतूनच त्याचा नीट फोटो काढून घ्यावा. उजेड बाजूने, तिरका पडू द्यावा. समोरचे दिवे बंद ठेवावेत आणि मोबाइल काचेला समांतर धरावा. एवढं झाल्यावर मूळ फोटो काचेसकट जपून ठेवायचा. फारच मोलाचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे, तिथे विचारावं. घरी वाफ देऊन, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून फोटो सोडवण्याचे उपाय लोक सांगतात. ते ऐकू नयेत.

नवा फोटो मढवताना मात्र हे संकट टाळणं अगदी सोपं आहे. काच आणि फोटो यांच्यात फट हवी, बस. माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड बोर्ड, ही फट देतो. तो शोभेसाठी असतो असं समजून लोक पैसे वाचवायला तो गाळतात. माउंट नको असेल तर काचेच्या कडेने, पट्टीच्या आड लपेल अशी प्लास्टिकची बारीक पट्टी फिरवून घ्यावी. मोठा फोटो मध्येच पोट काढून काचेला टेकतो, म्हणून त्याला दोन-तीन मिलिमीटर तरी अंतर लागतं. ‘नॉन-ग्लेअर’ म्हणून मिळणारी धुरकट काच घेऊ नये, असं माझं ठाम मत. ती चित्रापासून जरा दूर गेली की चित्र पुसट दिसतं, म्हणून दुकानदाराला फोटो तिला चिकटवूनच बसवावा लागतो. चकाकी नको म्हणून फोटोच जायचा.

आता पाठ. जुन्या तसबिरीमागे पिवळसर, भुसभुशीत पुठ्ठा असतो. हा गवत-पेंढ्याच्या लगद्याचा. आपल्या भागाला तो परका नाही : बल्लारपूरची पेपर मिल १९४५ साली नोंदली गेली ती मुळात ‘बल्लारपूर स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ या नावाने. पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूने या गिरणीचं पोट भरलं आणि इथला बांबू कागद होऊन देशभर गेला. चांगल्या छपाईच्या कागदासाठी लगदा रसायनांत शिजवून त्यातलं लिग्निन काढून टाकतात. पुठ्ठ्यासाठी एवढी मेहनत कोण घेणार? लिग्निन तसंच राहतं, उष्णतेने आणि हवेने त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. फोटोचा कागद आधी पिवळा, मग तपकिरी, मग इतका ठिसूळ होतो की कोपरा दुमडला तर तुटून हातात येतो. फळीचंही तसंच. पातळ प्लायवूड लावलेली जुनी चित्रं सोडवून पाहिली, तर कागदाच्या मागच्या बाजूवर लाकडाच्या रेषा आणि गाठी तपकिरी रंगात उमटलेल्या दिसतात.

उपाय वडशाच्याच बाजारात आहे. निवडणुकीत उमेदवारांचे फलक ज्यावर छापतात ते नालीदार प्लास्टिक, सनपॅक, हे पॉलिप्रॉपिलीन असतं. त्यातून आम्ल सुटत नाही, ओल आरपार जात नाही आणि उधईला त्यात खाण्यासारखं काही नसतं. न छापलेला कोरा पांढरा तुकडा आणावा. (प्रचार संपल्यावर रस्त्यात पडलेले फलक आणण्याचा मोह होईल. शाई लागलेली बाजू नको, एवढंच म्हणतो.) फोटो आणि सनपॅक यांच्यामध्ये आम्लरहित कागद किंवा बोर्ड घालावा, नागपूरला चित्रकलेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो विचारून पाहावा.

फोटो बोर्डावर बसवायचा कसा? फेविकॉलने नाही, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने नाही, डिंकाने तर मुळीच नाही. जुन्या अल्बमांत फोटोचे चार कोपरे कागदाच्या तिकोनी खिशांत सरकवलेले असत. तेच खिसे घरी चांगल्या कागदाचे करता येतात. गोंद खिशाला लागतो, फोटोला लागत नाही, आणि पन्नास वर्षांनी नातवाला फोटो काढायचा झाला तर तो सरळ निघतो. मढवण्याच्या कामाची माझी कसोटी हीच आहे : केलेलं काम उलटं करता आलं पाहिजे.

या कसोटीवर लॅमिनेशन सपशेल नापास होतं. एमडीएफच्या फळीवर फोटो चिकटवून वर प्लास्टिकचा थर द्यायची पद्धत गावोगावी रूढ झाली आहे, कारण ती स्वस्त पडते आणि काच फुटायची भीती नसते. नवी छापलेली प्रत असेल तर खुशाल करा. लग्नाचा फोटो आणखी दहा वेळा छापता येईल. पण एकुलता एक जुना फोटो लॅमिनेट केला की तो कायमचा गेला. प्लास्टिक फोटोपासून सुटत नाही, फोटो फळीपासून सुटत नाही आणि फळीला कडेने पाणी लागलं की ती फुगते.

घरोघरच्या देवादिकांच्या जुन्या तसबिरींची कथा थोडी वेगळी आहे. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर पोहोचल्या. ही शिळाछापाची चित्रं. एकेका रंगासाठी वेगळी शिळा, तेलकट शाई आणि जिलेटिनचा थर नाही. म्हणून ती फोटोसारखी काचेला सहसा धरत नाहीत. त्यांचा शत्रू मागचा पुठ्ठाच. काही चित्रांवर जरी, टिकल्या, कापड लावून देवीला सजवलेलं असतं. अशी तसबीर उघडली तर ती सजावट ‘साफ’ करायच्या भानगडीत पडू नये. जीर्ण पुठ्ठा बदलावा, फट वाढवावी आणि जुनी काच, जुनी पट्टी तीच परत बसवावी.

पट्टी सागाची असेल तर ती बदलून सिंथेटिक घेण्यात काय शहाणपण, मला कळत नाही. आपण सागाच्या राज्यात राहतो. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत गेलं, आणि आपण घरातली सागाची चौकट भंगारात देऊन थर्माकोलच्या जातीची सोनेरी पट्टी आणतो! सागाला उधई सहजासहजी लागत नाही. पण चौकट शाबूत राहून आतलं सगळं फस्त झालेलं असू शकतं, कारण उधई मातीच्या भिंतीतून येते ती थेट पुठ्ठ्यात. समोरून लक्ष्मी हसत असते, मागे मातीची नळी वर चढलेली असते.

यासाठी तसबीर भिंतीला टेकू द्यायची नाही. खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून बाटलीच्या बुचाचे काप चिकटवले की वारं खेळायला जागा होते. कवेलूच्या घरांत तसबिरी आढ्याखाली उंच, दोरीवर पुढे झुकलेल्या टांगत. खालून पाहणाऱ्याला त्या नीट दिसत, काचेवर उजेड चमकत नसे आणि वरची बाजू तरी भिंतीपासून सुटी राहत असे. आता सिमेंटच्या भिंतीवर खिळा ठोकून फोटो सपाट बसवतात. पावसाची झड ज्या भिंतीवर येते, तिथे आणि न्हाणीघराच्या भिंतीवर काहीच टांगू नये. दर दिवाळीच्या साफसफाईत तसबीर उतरवून एकदा उलटी करून पाहावी.

पूजेतल्या फोटोंबद्दल सांगणं नाजूक आहे, तरी सांगतो. ताज्या फुलांचा ओला हार काचेवरून लोंबतो, पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं आणि तिथून कागदात चढतं. फोटोची खालची कड सर्वांत आधी कुजते ती यामुळे. हार निथळवून घालावा, नाहीतर चंदनाचा घालावा. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यावं, काचेवर शिंपडू नये.

उदबत्ती आणि समईच्या काजळीवर एक सुरेख तोड आपल्या शेजारीच पाहायला मिळते. वडशाहून फार लांब नाही, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७० च्या दशकापासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिबेटी थांगका चित्राला ना काच ना लाकडाची चौकट. भोवती किनखापी कापड शिवलेलं, वर-खाली दांड्या आणि चित्रावर पातळ रेशमी पडदा. दिव्यांचा धूर आणि उजेड पडदा झेलतो. पाहायचं तेव्हा तो वर घ्यायचा, न्यायचं तेव्हा चित्र गुंडाळायचं.

उजेडाचं गणित असं की नुकसान साठत जातं. रात्री फोटो विसावा घेऊन परत ताजा होत नाही. कागदावरच्या चित्रांना संग्रहालयात साधारण ५० लक्स उजेड ठेवतात. भर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. खिडकीची काच अतिनील किरणांचा बराच भाग आत सोडते. परिणाम पाहायला वडशात लांब जावं लागत नाही. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात, मंडळांची कार्यालयं इथेच, म्हणून गावभर पोस्टरं. उन्हातलं पोस्टर काही दिवसांत निळं पडतं. चार शाईंपैकी पिवळी आणि गुलाबी आधी उडतात, निळी आणि काळी उरतात. नायिकेचा लाल शालू राखाडी होतो.

या नाटकांच्या फोटोंची मला खरी काळजी वाटते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांनी झाडीपट्टीकडे मान वळवली. शंकरपटाच्या, मंडईच्या रात्री पहाटेपर्यंत रंगलेल्या प्रयोगांचा पुरावा मात्र कलावंतांच्या घरच्या भिंतींवर आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बरेच रंगीत फोटो अंधारातही टिकत नाहीत. त्यांतला निळा रंग आपोआप विरतो आणि सगळं तांबूस दिसू लागतं. कृष्णधवल फोटो चांदीचे असल्याने त्यांपेक्षा टिकाऊ. तेव्हा रंगीत आधी स्कॅन करावेत. भिंतीवर स्कॅनवरून छापलेली प्रत लावावी, मूळ फोटो गेल्या लेखांकात सांगितला तसा पेटीत ठेवावा. पाहुण्यांना फरक कळत नाही. प्रतीच्या मागे नाटकाचं नाव, गाव, साल, कोण कोणत्या भूमिकेत, हे पेन्सिलीने लिहावं, आणि ओळखणारी माणसं आहेत तोवर लिहावं.

राहिला पूर. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने काठच्या गावांत जे केलं ते अजून सगळ्यांना आठवतं. पाण्यात भिजलेली तसबीर उन्हात वाळत टाकणं ही सर्वांत मोठी चूक. जिलेटिन काचेला घट्ट बसतं. ओली असतानाच मागचे चुके उपटून फोटो काढावा. काचेला धरला असेल तर काचेसकट स्वच्छ, गार पाण्यात ठेवावा आणि तो स्वतः सुटेपर्यंत थांबावं. गाळ बोटाने घासू नये, पाणी बदलत हलवून जाऊ द्यावा. मग सुती कापडावर, चित्र वर करून, सावलीत पंख्याखाली वाळवावा. कडा वळल्या तर नंतर पाहता येईल. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून धान्याची पोती हलवून झाली की लगेच फोटोंकडे वळावं. मोबाइलवरून इंकजेटवर छापलेली प्रत मात्र पाण्यात बुडवू नये, तिची शाईच विरघळते. ती तशीच ओली, चित्र वर ठेवून वाळू द्यावी आणि मोबाइलमधला मूळ फोटो शोधावा.

(पुढील लेखांक : नाटकांच्या हस्तलिखित वह्या)