भांग, गांजा, चरस आणि त्यापुढचे अर्क

होळीच्या थंडाईत घोटलेली भांग आणि लिप-बामच्या डबीएवढ्या डबीतून हातोहात फिरणारा ‘वॅक्स’ नावाचा अर्क, दोन्हींचे झाड एकच. म्हणूनच नागपुरातल्या कॉलेजवयीन मुलांच्या तोंडी एक युक्तिवाद सर्रास ऐकू येतो : महादेवाला चालते, आजोबांना चालत होते, मग आम्हालाच का नाही? या प्रश्नाला ओरडून उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर मात्रेत आहे, आणि ते घराघरात नीट सांगायला हवे.

पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्या फुलोऱ्यावरच्या चिकट राळेचे चरस. ही आपली जुनी नावे ताकदीच्या चढत्या क्रमानेच लागली आहेत. नशा आणणारा टीएचसी हा घटक पानात कमी, फुलोऱ्यात जास्त आणि फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म राळग्रंथींत सर्वाधिक असतो. तो १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफेल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळा काढून ओळखला. पण राळेत जोर असतो, हे खंडव्याच्या शेतकऱ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

हा खंडव्याचा उल्लेख नागपूरच्या इतिहासाला जोडलेला आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. प्रांतातला परवान्याचा गांजा निमाडात, खंडव्याच्या बाजूला पिके. नर झाडे वेळीच ओळखून उपटली की मादी फुलोऱ्यात बी धरत नाही आणि राळ वाढते, ही युक्ती तेव्हाही वापरात होती. आयोगाच्या सदस्यांत मध्य प्रांतातले अधिकारी अँड्र्यू फ्रेझर होते. सुमारे १२०० साक्षी नोंदवून आयोगाने निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो; सरसकट बंदीऐवजी कर आणि नियंत्रण असावे. गांजाचे समर्थक आजही हा अहवाल पुढे करतात. अहवाल प्रामाणिक आहे, पण त्यातला ‘बेत’ पानाचा, फुलोऱ्याचा आणि त्या काळच्या चरसाचा होता. आजचे अर्क आयोगापुढे आलेच नव्हते.

आज जगभरच्या बाजारात या अर्कांची दोन घराणी दिसतात. पहिल्यात रसायन नसते. वाळलेल्या फुलोऱ्यातून चाळून मिळणारी भुकटी म्हणजे किफ. ती दाबली की हॅशिश. हिमालयात, मलाण्यासारख्या गावांत, ताजा फुलोरा तळहातांवर चोळून काढतात ते आपले चरस. उष्णता आणि दाब देऊन पिळलेली राळ म्हणजे रोझिन. दुसऱ्या घराण्यात ब्युटेनसारख्या द्रावकाने राळ ओढून घेतात. तिचे रूप मेणासारखे असेल तर वॅक्स, काचेसारखे कडक असेल तर शॅटर, पातळ असेल तर हॅश ऑइल, आणि आणखी गाळून शुद्ध केलेला अर्क म्हणजे डिस्टिलेट. चोरट्या कारखान्यात द्रावकाचा अंश मालात राहतो, आणि ब्युटेनच्या स्फोटात माणसे भाजल्याच्या घटना अमेरिकेत पुष्कळ झाल्या आहेत.

आता ताकद पाहा. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात १९९५ मध्ये टीएचसी सरासरी ४ टक्के होते, २०१४ मध्ये १२ टक्के. वॅक्स आणि शॅटरमध्ये ते ६० ते ८० टक्क्यांपर्यंत असते, डिस्टिलेटमध्ये त्याहूनही वर. विदर्भात मोहाची फुले भाजून खातात आणि त्याच फुलांची पहिल्या धारेची दारूही गाळतात. या दोन्हींना कोणी एकच म्हणत नाही. भांग आणि वॅक्सचेही तसेच.

सेवनाच्या रीतीनेही फरक पडतो. चिलमीतून किंवा व्हेपमधून (ई-सिगारेटसारख्या यंत्रातून) ओढलेला धूर वा वाफ काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. ‘डॅब’ म्हणजे तापवलेल्या पृष्ठभागावर टेकवलेल्या अर्काची वाफ. तिच्या एका झुरक्यात मोठी मात्रा जाते. खाण्यातला धोका निराळा. चॉकलेट किंवा ब्राउनीचा परिणाम अर्ध्या ते दोन तासांनी जाणवतो, यकृतात टीएचसीचे आणखी तीव्र रूप तयार होते, आणि ‘काहीच होत नाही’ म्हणून मधल्या वेळेत दुसरा तुकडा खाल्ला जातो.

व्हेपच्या नळीत नेमके काय भरले आहे, हेही घेणाऱ्याला कळत नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होऊन २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, मृत्यू ६८. मुख्य संशय चोरट्या टीएचसी नळ्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर होता.

मनावरचा परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो. मार्टा डी फोर्टी यांच्या गटाने २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास मांडला. १० टक्के किंवा अधिक टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचे प्रमाण, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास पाचपट आढळले. शरीरावरही परिणाम होतो : वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना कधीकधी न थांबणाऱ्या उलट्या होतात आणि फक्त गरम पाण्याच्या अंघोळीने बरे वाटते. मुलगा दिवसातून चारदा गरम पाण्याने न्हात असेल, तर हे लक्षण डॉक्टरांना सांगायलाच हवे.

कायद्यात वॅक्स किंवा शॅटर हे शब्द नाहीत, म्हणून पळवाट आहे असे समजू नका. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातली चरसाची व्याख्या वेगळी काढलेली राळ ‘कोणत्याही स्वरूपात’ धरते आणि हॅश ऑइलचे तर नावच घेते. गांजाची ‘अल्प मात्रा’ १ किलोपर्यंत, चरसाची अवघी १०० ग्रॅम. २० किलोपेक्षा जास्त गांजा आणि १ किलोपेक्षा जास्त चरस ही व्यापारी मात्रा धरतात, आणि तिथे शिक्षा किमान १० वर्षे सक्तमजुरी. २०२० च्या हिरासिंग निकालानुसार मिश्रणाचे एकूण वजन मोजले जाते, त्यातला निव्वळ अमली अंश नव्हे. नुसती पाने या कायद्याबाहेर असली, तरी महाराष्ट्रात भांगेला दारूबंदी कायद्याचा परवाना लागतो. ई-सिगारेटची विक्री २०१९ पासून देशभर बंद आहे, नळीत काहीही असो.

ओडिशा आणि विशाखापट्टणमकडून येणाऱ्या गाड्यांत नागपूर स्थानकावर गांजाच्या पिशव्या वारंवार सापडतात. अर्काला पिशवी लागत नाही, तो खिशात मावतो. त्यामुळे पोलिसांच्या आधी तो घरच्यांच्या नजरेस पडण्याची शक्यता जास्त. तसे झाले तर मुलाला मारू नका, गोष्ट लपवूही नका. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ, अल्प मात्रेत सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकलच्या) मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात जा, नाहीतर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांक लावा.