वाघोबाच्या चढावर हरवलेला दम

वैतरणा स्टेशनातून सुटलेली लोकल पूल ओलांडून सरळ सफाळ्याला जाते. मोटारसायकलला ती सोय नाही. महामार्गाने मनोर, तिथून वाघोबाची खिंड, मग पालघर आणि बोईसर. रात्रपाळीला लोकलची वेळ जुळत नाही, म्हणून हा वळसा मी वर्षानुवर्षं घालतो आहे. खिंडीच्या चढाला माझी 346 सीसीची कार्ब्युरेटरवाली बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 30च्या वेगाने शांतपणे चढायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याची किंमत कळलीच नव्हती.

पावसाळ्यानंतर गंजलेला सायलेन्सर काढला आणि त्या जागी आखूड, आरपार मोकळा सायलेन्सर बसवला. आवाज भरदार झाला. मोकळ्या महामार्गावर गाडी बरी पळायची, पण खिंडीत मालाच्या ट्रकमागे वेग उतरला की तिसऱ्यात धक्के देऊ लागायची. दुसरा गिअर टाकल्याशिवाय ती पुढे सरकेना.

बोईसरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या काकांनी पाना हातात घेण्याआधी विचारलं, “कुठल्या गिअरला, किती वेगाला मरते?” या गाडीला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही, म्हणून गिअर आणि वेग हीच आमची मोजपट्टी. तिसऱ्यात 30 म्हणजे मिनिटाला साधारण 2,000 फेरे. या इंजिनाचा कमाल टॉर्क 28 न्यूटन-मीटर, तोही 4,000 फेऱ्यांना. चढावर मला हवी होती ती त्याच्या निम्म्या फेऱ्यांवरची ताकद.

“बॅकप्रेशर गेलं” असं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात. पण धुराला अडथळा केल्याने ताकद येत नाही. खरी गोष्ट वेळेची आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. मोकळ्या तोंडाशी ती उलटते आणि ओढ घेणारी लाट होऊन परत येते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम किंचित उघडे असतात. नेमकी तेव्हा ती पोचली तर उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि ताज्या मिश्रणाला आत जागा करते. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला 500 मीटरहून अधिक वेगाने जाते. एक मीटर नळीची जा-ये तिला चार मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळात होते. 2,000 फेऱ्यांना तेवढ्यात क्रँक पन्नास अंशही फिरत नाही. 4,000ला त्याच वेळात दुप्पट फिरतो. नळी आखूड केली की कमी फेऱ्यांना लाट फार लवकर परतते, पुन्हा उलटते, आणि मोक्याच्या क्षणी ओढण्याऐवजी ढकलूही शकते. नळी रुंद असेल तर वायूचा वेगही मंदावतो. यामाहाने 1987 साली आपल्या एफझेडआर गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये ‘एक्सअप’ नावाची फिरती झडप बसवली, ती अवेळी परतणाऱ्या लाटेच्या याच अडचणीवर तोडगा म्हणून.

काकांचा नियम होता, एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तोच चढ. आधी त्यांनी थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं. हेडजवळच्या सांध्यातून फुसफुस ऐकू आली. तिथे काजळीही होती. गॅस्केटची रिंग बदलली. ॲक्सिलरेटर सोडल्यावर होणारे फटाके थांबले, चढावरचा दम मात्र तसाच.

मग दोन्ही प्लग काढले. टोकं पांढरट पडली होती. वाट मोकळी झाल्याने हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडत होतं. कार्ब्युरेटरचा पायलट स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत मिश्रणात पेट्रोल थोडं वाढवलं. धक्के कमी झाले. तिसऱ्या खेपेला काकांनी अरुंद, छिद्रं पाडलेली नळी काचेच्या लोकरीत गुंडाळून सायलेन्सरमध्ये बॅफल म्हणून बसवली. त्या रात्री गाडी तिसऱ्यातच वळणापर्यंत आली, पण शेवटच्या चढाला पुन्हा गिअर पाडावा लागला.

“निम्मं आलं. उरलेलं आखूड नळीतून कसं काढू?” काका म्हणाले. कंपनीच्या मापाचा लांब सायलेन्सर मागवला. आतल्या कप्प्यांसकट त्याची लांबी आणि जाडी त्या इंजिनासाठीच ठरवलेली असते. पायलट स्क्रू मूळ जागी आणला. कायद्याची अडचणही मिटली, कारण 175 सीसीवरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा 80 डेसिबलची आहे आणि माझा मोकळा सायलेन्सर ती पाळत असेल असं मला वाटत नाही.

सायलेन्सर म्हणजे इंजिनाला मागून जोडलेली शोभेची नळी, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो इंजिनाचाच अवयव आहे, कार्ब्युरेटरइतकाच नेमका. बदलायचाच असेल त्याने आधी जुन्या सायलेन्सरवर आपल्या रोजच्या चढाला गिअर आणि वेग लिहून ठेवावा. आवाज ऐकून भुललेल्या मनाला ते आकडे जागेवर आणतात.

परवा रात्री खिंडीत पुढे सळयांनी भरलेला ट्रक होता. काटा 30वर आला, थोडा खाली गेला. मी क्लचवरची बोटं उचलून घेतली आणि ॲक्सिलरेटर हळू पिळला. वाघोबाचं मंदिर मागे पडलं, तेव्हाही गाडी तिसऱ्यातच होती.