किनाऱ्यावर आळशी, समुद्रात कष्टकरी

घरात कोणी दिवसा आडवे झालेले दिसले, की ‘काय लोळत पडलायस!’ असे आपण चटकन बोलून जातो. तो माणूस रात्रपाळी करून आला आहे काय, याची चौकशी मागाहून. एका प्राण्यावरही आळसाचा असाच शिक्का बसला होता. तो कसा पुसला गेला, ती हकिकत आमच्या वाचकांसाठी, विशेषतः घरातील मुलांसाठी, येथे देत आहोत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आन्यो नुएव्हो नावाची जागा आहे. तेथे दर हिवाळ्यात हत्ती-सील येतात. सील हा मासा नव्हे. तो हवेत श्वास घेणारा व पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. नराचे नाक सोंडेसारखे लोंबते म्हणून हे नाव. चरबीच्या तेलापायी माणसाने त्यांची इतकी कत्तल केली, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर मूठभरच उरले. १९२२ साली मेक्सिकोने या बेटाला संरक्षण दिले. आज त्यांची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली आहे.

किनाऱ्यावर पाहावे तर हे प्राणी तासन्‌तास वाळूत पडलेले! परंतु त्या पडून राहिलेल्या आईकडे नीट पाहा. ती सुमारे चार आठवडे अन्नाचा कण न खाता पिलाला दूध पाजते. तेवढ्यात तिचे एक तृतीयांशाहून अधिक वजन उतरते. मग ती समुद्रात शिरते आणि दिसेनाशी होते. कोठे जाते? काय खाते?

पाण्याखाली माणसाला पाठलाग करता येईना, म्हणून यंत्राला पाठवावे लागले. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन या शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातील वेडेल सीलच्या पाठीवर एक उपकरण बांधले. त्यात स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ आणि काजळी धरलेली काचेची चकती होती. चकती फिरे आणि पाण्याच्या दाबाप्रमाणे सुई तिच्यावर रेघ ओढी. किती खोल, किती वेळ, सारे त्या रेघेत!

पुढे हत्ती-सीलवर अशी यंत्रे बसली. खोली कळली, पण ठिकाण कळेना. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यावर सोपी युक्ती दिसते. यंत्राने उजेड नोंदवायचा. दिवस किती तासांचा, यावरून उत्तर-दक्षिण जागा कळते आणि मध्यान्ह केव्हा झाली, यावरून पूर्व-पश्चिम. आता डोक्यावरच्या केसांना उपग्रहाशी बोलणारे यंत्र चिकटवतात. संदेश खाऱ्या पाण्यातून जात नाही. प्राणी श्वासासाठी वर आला, की तेवढ्या दोन-तीन मिनिटांत तो सुटतो. प्राणी किनाऱ्यावर परतला, की यंत्र काढून घेतात. राहिलेच, तर केस गळताना तेही गळून पडते.

नोंदी पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. मादी वर्षातून दोनदा सफरीला निघते. त्यांतील लांबची सफर सात-आठ महिन्यांची. ती खोल उत्तर पॅसिफिकमध्ये भटकते, नर अलास्काच्या बाजूला जातात. एक बुडी सुमारे वीस मिनिटांची, साधारण चारशे ते सहाशे मीटर खोल. काही बुड्या दीड हजार मीटरच्याही खाली. तेथे मिट्ट काळोख. लहान-लहान मासे ती मिशांना जाणवणाऱ्या पाण्याच्या हालचालीवरून टिपते. २०२१ मधील अभ्यासानुसार दिवसातले वीस तासांहून अधिक ती याच कामात असते.

आणि झोप? २०२३ साली मेंदूच्या लहरी मोजल्या, तेव्हा कळले, की समुद्रात ती दिवसाला सरासरी दोनच तास झोपते. तीही बुडीतच, कारण वरती शार्क आणि किलर व्हेल यांचे भय! झाडाचे पान गळावे तशी ती गिरक्या घेत खाली जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत जागी होऊन वर निघते. किनाऱ्यावर मात्र दहा तासांहून अधिक झोपते.

आता सांगा, वाळूत पडलेल्या त्या आईला आळशी कोण म्हणेल? आम्हाला वाटते, जे कष्ट आपल्या डोळ्यांआड होतात, त्यांची नोंद नसते. म्हणून ते झालेच नाहीत असे नव्हे. तेव्हा कोणाला आळशी ठरवण्याआधी, आई-बाबांनो, आणि मुलांनो तुम्हीही, आधी विचारा, ‘आज किती खोल जाऊन आलात?’