पडद्यावर न मावणारे रंग

प्रत्येक पडद्याला आणि छपाईयंत्राला ठरावीक रंगच दाखवता येतात. या मर्यादेला रंगकक्षा म्हणतात, आणि छायाचित्रातील रंग तिच्याबाहेर पडला तर त्याचे काय करायचे, हे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमच्या मानकातील चार रूपांतर-धोरणांपैकी निवडलेले धोरण ठरवते. ‘पर्सेप्च्युअल’ धोरण सगळेच रंग थोडे आकसून त्यांचे परस्परनाते जपते, तर ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ पांढऱ्याशी पांढरा जुळवून कक्षेतले रंग तसेच ठेवते आणि बाहेरचे तेवढे सीमेवर आणून बसवते, त्यामुळे झेंडूच्या पाकळ्यांतील बारीक छटा एकमेकींत विरून सपाट डाग उरू शकतो. मात्र पडद्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या रंगवर्णनाच्या फाइलमध्ये, आकसण्याचा तक्ता बहुधा नसतोच, म्हणून ‘पर्सेप्च्युअल’ निवडूनही चित्र दुसऱ्याच धोरणाने दिसते, आणि सॉफ्टवेअर हे सहसा सांगत नाही, ही उणीव गंभीर आहे.