गाठ स्तनातली, मूळ परमुलखातले

स्तनात कर्करोगाची गाठ आढळली की ती तेथेच उपजली असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु शंभरांत एखाद्या वेळी ती गाठ फुप्फुस, अंडाशय, जठर किंवा त्वचेचा मेलानोमा येथून रक्तावाटे वा लसिकावाटे आलेल्या पेशींनी वसविलेली असते. अशा वेळी स्तन काढून टाकल्याने मूळ व्याधीचे बहुधा काहीच बिघडत नाही, कारण औषधयोजना ठरते ती मूळ अवयवावरून. म्हणून हा तपास म्हणजे निव्वळ पांडित्याचा विषय नव्हे.

स्तनात उपजलेला कर्करोग पुष्कळदा भोवतालच्या ऊतींत काटेरी फाटे पसरतो, त्वचा आत ओढतो आणि मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक कण दाखवितो. परकी गाठ मात्र प्रायः गोल, रेखीव कडांची, त्वचेलगत उथळ आणि चुनाविरहित असते (अंडाशयाच्या काही कर्करोगांचा अपवाद), त्यामुळे ती एखाद्या निरुपद्रवी गाठीसारखी भासते.

म्हणून बायॉप्सीचा तुकडा हाच खरा साक्षीदार. दुग्धनलिकांच्या आतच थांबलेला आरंभीचा कर्करोग त्यात दिसला, तर गाठ स्थानिक असल्याचा तो बळकट पुरावा असतो. तो दिसला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सुईने आलेला तुकडा लहान असतो. मग प्रयोगशाळेत आयएचसी म्हणतात ती परीक्षा होते, जिच्यात विशिष्ट प्रथिनांस चिकटणारी प्रतिपिंडे वापरून पेशींचे मूळ शोधतात: गाटा-३ स्तनाकडे, टीटीएफ-१ फुप्फुसाकडे, पॅक्स-८ अंडाशयाकडे बोट दाखविते. परंतु एकट्या साक्षीवर निवाडा करणे धोक्याचे आहे. इस्ट्रोजेनचे ग्राही स्तनाप्रमाणेच अंडाशयाच्या कर्करोगातही आढळतात, आणि मेलानोमाची खूण मानलेले सॉक्स-१० स्तनाच्या काही कर्करोगांतही उमटते.

या साऱ्या रसायनांहून मोलाची गोष्ट मला वाटते ती रुग्णाचे पूर्ववृत्त. मेलानोमा दहा वर्षांनंतरही पुन्हा डोके वर काढू शकतो. तोवर पाठीवरचा तीळ काढल्याची गोष्ट रुग्ण स्वतःही विसरलेली असते, आणि नमुन्यासोबतच्या कागदावर नुसते ‘स्तनातील गाठ’ एवढेच लिहिले जाते. तीच हकीकत त्या कागदावर नोंदलेली असली, तर विकृतिशास्त्रज्ञ पहिल्याच दिवशी योग्य परीक्षा मागवितो, आणि त्या तिळाच्या जुन्या काचपट्ट्या कुठल्या दफ्तरात जपून ठेवलेल्या असल्यास त्या आणवून नव्या तुकड्याशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो.